मुलांच्या गुडघ्याचा बाक: बार काढायचा की वाढच थांबवायची?

१९६३ पासून वाढपट्टीच्या (हाडाच्या टोकाजवळची कूर्चेची पट्टी, जिथून हाड लांबीला वाढतं) इजांचे पाच प्रकार शिकवले जातात आणि त्यातला दुसरा सहसा निभावतो असं मानलं जातं. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला मात्र हा भरवसा धरू नये. तिथली पट्टी नागमोडी असते. ती सरकताना तिचे उंचवटे चिरडतात आणि दुसऱ्या प्रकारातही दोन्हीकडची हाडं जोडणारा हाडाचा पूल, म्हणजेच बार, तयार होतो. वर्षाला साधारण १० मिमी वाढ देणारी ही पट्टी एका कडेला अडकते, दुसरी कडा वाढतच राहते आणि गुडघ्याला बाक येतो.

बाक सरळ करायला वापरली जाणारी १९३३ ची वाढ बंद करण्याची शस्त्रक्रिया तिच्या मूळ रूपात आणि १९४९ चे स्टेपल (पट्टीच्या आरपार ठोकायच्या धातूच्या पिना) आता इतिहासजमा झाल्यासारखेच. २००७ नंतर दोन स्क्रूंची छोटी प्लेट मुंबईतही रुळली. पण ती फक्त एका बाजूची वाढ रोखते. पाय सरळ होतो तो समोरच्या जिवंत पट्टीमुळे. समोर बार असेल तर बाक कमी होत नाही, जेवढा आहे तेवढाच राहतो. तरीही 'छोटं ऑपरेशन' म्हणून ती बसवली जाते.

खरा वाद बार काढण्यावर आहे. एमआरआयवर बारचा नकाशा काढतात. बार पट्टीच्या निम्म्याहून कमी (हल्ली बरेच जण एक तृतीयांशच धरतात) आणि किमान दोन वर्षांची वाढ शिल्लक हवी. खड्ड्यात मुलाचीच चरबी किंवा बोन सिमेंट भरतात, वर-खाली धातूच्या खुणा ठेवतात, म्हणजे वाढ पुढच्या एक्स-रेवर मोजता येते. बाक २० अंशांपलीकडे असेल तर सोबत हाड कापून सरळ करावं लागतं. पट्टी पुन्हा लवकर मिटण्याचा धोका राहतोच.

वाढ संपत आलेल्या मुलात आमचा कल दुसरीकडे: हाड कापून सरळ करतानाच पट्टीचा उरलेला चांगला भाग बंद करावा. हीच पायरी राहून जाते आणि वर्षभरात बाक परततो. लांबीतला फरक वाढू नये म्हणून दुसऱ्या पायाची पट्टीही योग्य वेळी थांबवावी लागते.

पाय आखूडही असेल तर इलिझारोव रिंग, म्हणजे पायाभोवती बाहेरून बसवलेली आणि पिनांनी हाडाला जोडलेली कडी. हाड कापल्यावर सुमारे आठवडा थांबून हाड रोज १ मिमी लांबवतात, पाव-पाव मिमीच्या चार फेऱ्यांत. गुडघा आत झुकलेला असेल तर एका झटक्यात सरळ करताना बाहेरची पेरोनियल नस ताणून पाऊल लुळं पडू शकतं. तिथे हा सावकाश मार्ग बरा. मात्र पिनांभोवती पू धरतो, आणि पावसाळ्यात लोकलने तपासणीला येणाऱ्या मुलाच्या पिना कोरड्या राखणं घरच्यांना जड जातं.