रक्तात रेंगाळलेलं इन्सुलिन

सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायचं आणि संध्याकाळी टीएसएचचा (थायरॉइडला चालना देणाऱ्या हार्मोनचा) आकडा मोबाइलवर बघायचा, हे आता घरोघरी चालतं. रक्तातलं हार्मोन इतक्या सूक्ष्म प्रमाणात मोजायची सुरुवात न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, माजी सैनिकांच्या एका सरकारी रुग्णालयात झाली. गंमत म्हणजे तिथं कुणी मोजमापाची पद्धत शोधायला बसलंच नव्हतं.

रोझलिन यालो मूळच्या भौतिकशास्त्रज्ञ. जन्म १९२१ चा, ब्राँक्समधल्या साध्या ज्यू कुटुंबातला. मुलीनं शाळेत शिक्षिका व्हावं, एवढीच घरच्यांची अपेक्षा होती. विद्यापीठात शिरायला वाट मिळावी म्हणून त्यांनी कोलंबिया विद्यापीठातल्या एका जीवरसायनशास्त्रज्ञाकडे सेक्रेटरीची नोकरी धरली आणि त्यासाठी लघुलेखन शिकायला घेतलं. १९४१ मध्ये इलिनॉय विद्यापीठात जागा मिळाली आणि लघुलेखनाची पुस्तकं त्यांनी फाडून टाकली. अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या सुमारे ४०० अध्यापक-साहाय्यकांत त्या एकट्याच स्त्री होत्या. १९४५ मध्ये पीएच.डी. झाली. १९४७ पासून त्या ब्राँक्सच्या रुग्णालयात काम करू लागल्या. तिथं झाडूवाल्याची अडगळीची खोली आवरून त्यांनी किरणोत्सारी समस्थानिकांची प्रयोगशाळा थाटली. १९५० मध्ये सॉलोमन बर्सन हे डॉक्टर येऊन मिळाले. शरीरशास्त्र त्यांचं, गणित आणि भौतिकी यालोंची; पुढची बावीस वर्षं ही जोडी टिकली.

त्या काळी एक मत असं होतं की प्रौढपणी मधुमेह होणाऱ्यांचं यकृत इन्सुलिन फार भराभर नष्ट करतं. हे तपासायला दोघांनी किरणोत्सारी आयोडीन जोडलेलं इन्सुलिन शिरेतून दिलं आणि ठरावीक वेळानं रक्त घेत राहिले. निघालं उलटंच. मधुमेही रुग्णांच्या रक्तात ते उलट जास्त वेळ रेंगाळत होतं. मग दोष मधुमेहाचा का? तर तसंही नाही. मनोविकारावर उपचार म्हणून इन्सुलिन दिलेल्या रुग्णांतही ते रेंगाळत होतं, आणि कधीच इन्सुलिन न घेतलेल्या मधुमेहींत मात्र नाही. मला या सगळ्या कहाणीत हीच जागा सर्वांत मोलाची वाटते. समान धागा आजाराचा नव्हता, आधी टोचलेल्या इंजेक्शनांचा होता. इन्सुलिन तेव्हा गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढलेलं असे. शरीरानं त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं (अँटिबॉडी, म्हणजे परक्या पदार्थाला पकडणारी प्रथिनं) तयार केली होती आणि ती इन्सुलिनला धरून ठेवत होती.

एवढ्याशा प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं होऊच शकत नाहीत, असं तज्ज्ञ मानत. ‘सायन्स’ या नियतकालिकानं लेख नाकारला, दुसऱ्या नियतकालिकानंही आधी परत पाठवला. शीर्षकातले ‘इन्सुलिन प्रतिपिंड’ हे शब्द काढून तिथं ‘इन्सुलिन बांधणारं ग्लोब्युलिन’ (ग्लोब्युलिन म्हणजे रक्तातल्या प्रथिनांचा एक गट) घातलं, तेव्हा कुठं १९५६ मध्ये तो छापला गेला.

हीच पकड पुढं मोजपट्टी झाली. परीक्षानळीत मोजकी प्रतिपिंडं आणि मोजकं किरणोत्सारी इन्सुलिन घ्यायचं, त्यात रुग्णाचा रक्तद्रव घालायचा. रुग्णाचं इन्सुलिन आणि किरणोत्सारी इन्सुलिन एकाच जागेसाठी झगडतात. रुग्णाचं जितकं जास्त, तितकं किरणोत्सारी इन्सुलिन मोकळं राहतं. बांधलेलं आणि मोकळं वेगळं करून किरणोत्सार मोजला, की ज्ञात प्रमाणांच्या आलेखावरून उत्तर वाचता येतं. उपाशीपोटी एका मिलिलिटर रक्तात इन्सुलिन साधारणपणे ग्रॅमच्या एक अब्जांशाहूनही कमी असतं, तेही यात सापडू लागलं. १९६० मध्ये पूर्ण पद्धत प्रसिद्ध झाली: रेडिओइम्युनोअॅसे, आरआयए. प्रौढ मधुमेहींत इन्सुलिन असूनही साखर चढलेली राहते, हे या मापानं आकड्यांत दिसलं. यालो-बर्सन यांनी पेटंट घेतलं नाही, उलट येईल त्याला पद्धत शिकवली.

मग वाढीचं हार्मोन, थायरॉइड, रक्तपेढीतली कावीळ-ब ची चाचणी, अशी ती पसरत गेली. १९७१ मध्ये किरणोत्साराऐवजी विकर (एन्झाइम) वापरणारी एलायझा ही चाचणी आली, तिची मूळ कल्पना याच वंशातली. आपल्याकडे परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये थायरॉइडच्या तपासण्यांसाठी आरआयए रुळली आणि त्याचे संच वाशीच्या ‘ब्रिट’ या किरणोत्सारी साहित्य पुरवणाऱ्या सरकारी संस्थेमधून पुरवले गेले.

बर्सन १९७२ मध्ये अचानक गेले. यालोंनी प्रयोगशाळेला त्यांचं नाव दिलं, म्हणजे पुढच्या प्रत्येक शोधनिबंधावर ते छापलं जाईल. नोबेल मरणोत्तर देत नाहीत. १९७७ मध्ये ते यालोंना मिळालं. वैद्यकाचं नोबेल मिळालेल्या त्या दुसऱ्या स्त्री. आपल्या नोबेल व्याख्यानात त्यांनी १९५५ चं ते नकारपत्रही दाखवलं.