करम

करम : नशीब, वाट्याला आलेला भोग या अर्थी खानदेशातील बोलींत चालणारे नाम. मूळ संस्कृत ‘कर्म’. तिथे मुख्य अर्थ कृती असा आहे. मागल्या जन्मीच्या कृत्यांची फळे या जन्मी भोगावी लागतात या समजुतीतून पुढे फळालाच करम म्हणू लागले. प्रमाण मराठीतल्या ‘माझं कर्म!’ या उद्गारातही हाच अर्थ आहे.

करम आणि नशीब सर्रास एकाच अर्थी वापरले, तरी दोन्हींची छटा एक नाही. नशीब अरबी ‘नसीब’वरून आले. त्याचा मूळ अर्थ वाटा, आणि वाटा चांगलाही निघू शकतो. म्हणून माणूस नशीबवान असतो. करमाची बाजू बहुधा पडतीची. कपाशीला भाव मिळाला तर नशीब. घडावर आलेली केळीची बाग वादळात आडवी झाली तर करम. शिवाय करमात दोष आपल्याच पदरी येतो. त्यामुळे स्वतःविषयी काढलेला हा शब्द सुस्कारा ठरतो, तर दुसऱ्याला म्हटलेले ‘तुन्हं करम’ हा सरळ टोमणा.

करम लिहिले जाते कपाळावर. अहिराणीत ‘ळ’चा ‘य’ होतो, म्हणून ‘कपायमा लिखेल’. लिहिणारी सटवाई. बाळाच्या जन्मानंतर पाचव्या-सहाव्या रात्री तिची पूजा मांडतात, तेव्हा कोरा कागद आणि लेखणी ठेवण्याची चाल महाराष्ट्रात इतरत्रही आहे.

या शब्दाचा सर्वांत परिचित वापर असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांचा. त्यांची बोली लेवा. तिला सरसकट अहिराणी म्हणण्याची चूक अजून होते. ज्योतिषाला दारातूनच परत पाठवणाऱ्या त्यांच्या कवितेत दैव, नशीब आणि करम हे तिन्ही शब्द येतात. ‘करमाची रेखा’ त्यांनी तळहातावर न ठेवता कुंकवाखाली लपवली आहे. वैधव्यात कुंकू पुसले जाते आणि ती उघडी पडते. तरुणपणीच पती गमावलेल्या बाईने ज्योतिषाला दिलेले हे उत्तर आहे, आणि त्यात रडगाण्यापेक्षा ठसकाच जास्त जाणवतो.

‘करमत नाही’मधले करमणे हे क्रियापद मन रमण्याच्या अर्थाचे आहे, त्याचा या करमाशी घोळ घालू नये.