जपानच्या रोबो संशोधनात साप कसा शिरला

जपानी रोबो म्हटलं की होंडाचा दोन पायांवर चालणारा असिमो डोळ्यांपुढे येतो. 2000 साली तो जगापुढे आला, 2022 मध्ये निवृत्त झाला. त्याच्यामागे होंडाने 1986 पासून चालवलेलं काम होतं आणि त्याही आधी, 1973 मध्ये, वासेदा विद्यापीठात इचिरो कातो यांनी पुरा केलेला वाबोट-1 हा माणसाएवढा रोबो. या घराण्याचं कौतुक भरपूर झालं. त्याच सुमारास टोकियोत दुसरं एक घराणं उभं राहत होतं. मला ते जास्त मोलाचं वाटतं, कारण त्याने प्राण्याच्या रूपापेक्षा त्याच्या हालचालीमागचं गणित आधी शोधलं.

जीवशास्त्र आणि यंत्र यांची सोयरीक जपानला नवी नव्हती. 1928 मध्ये क्योतोच्या प्रदर्शनात मांडलेला, हवेच्या दाबावर हलणारा आणि हातातल्या लेखणीने लिहिणारा ‘गाकुतेन्सोकु’ हा माकोतो निशिमुरा या जीवशास्त्रज्ञाने घडवला होता. यंत्रमानव म्हणजे राबवून घ्यायचा गुलाम, ही कल्पनाच त्यांना मान्य नव्हती.

टोकियो तंत्रज्ञान संस्थेत शिगेओ हिरोसे यांनी मात्र थेट साप निवडला. पाय नाहीत, तरी तो पुढे जातो कसा? त्यांनी जिवंत सापांवर मोजमापं घेतली. सापाचं पोट लांबीच्या दिशेने सहज घसरतं, आडव्या दिशेने मात्र अडतं. या फरकामुळे अंगाला नागमोडी वळणं दिली की शरीर आपोआप पुढे ढकललं जातं. त्या वळणाचा वक्रही हिरोसे यांनी समीकरणात बसवला. 1972 च्या अखेरीस त्यांचा यांत्रिक साप चालला. जवळपास 2 मीटर लांब, 20 सांध्यांचा, सेकंदाला सुमारे 40 सेंटिमीटर वेगाचा. प्रत्येक सांध्याखाली छोटी चाकं होती, पण त्यांना मोटर नव्हती. मोटरी फक्त सांधे डावी-उजवीकडे वळवायच्या. चाकांचं काम एवढंच की आडवं घसरू द्यायचं नाही. खऱ्या सापाला चाकं नसतात, तरी त्याच्या चालीचं मर्म या चाकांनी नेमकं पकडलं होतं.

या कामाची निकड कळली ती 17 जानेवारी 1995 ला. कोबेच्या भूकंपात 6,400 हून अधिक माणसं गेली. कोसळलेल्या घरांच्या फटींत शिरू शकेल असं यंत्र हाताशी नव्हतं. तेव्हा कोबे विद्यापीठात असलेले सातोशी तादोकोरो पुढे बचाव-रोबोंच्या कामाचे अग्रणी झाले. त्यांच्या गटाने पाण्याच्या पाइपसारखा लवचीक कॅमेरा केला. त्याच्या अंगावर तिरके राठ केस असतात आणि आतल्या मोटरी ते थरथरवतात. धोतराला लागलेलं कुसळ जसं एकाच दिशेने आत आत सरकतं, तसा तो ढिगाऱ्यात शिरतो. 2008 मध्ये अमेरिकेत फ्लोरिडातल्या कोसळलेल्या बांधकामाच्या पाहणीसाठी तो वापरला गेला.

तरीही 2011 मध्ये त्सुनामीनंतर फुकुशिमाच्या अणुऊर्जा केंद्रात अपघात झाला, तेव्हा अणुभट्टीत सुरुवातीला आत गेले ते अमेरिकी रोबो. क्विन्स हा जपानी रोबो जूनमध्ये उतरला. ही गोष्ट बोचणारी आहे, कारण 1983 ते 1990 या काळात जपान सरकारने अणुऊर्जा केंद्र, समुद्रतळ आणि आग अशा ठिकाणांसाठीच रोबोंचा मोठा प्रकल्प राबवला होता. 1999 मध्ये तोकाइमुरा इथल्या अणुइंधन कारखान्यात झालेल्या अपघातानंतरही खास यंत्रं बनवली गेली. पण ती कामाला जुंपली गेली नाहीत, ती चालवायला माणसं तयार झाली नाहीत आणि यंत्रं तशीच पडून राहिली. संशोधनाची हौस मोठी, पण ते वर्षानुवर्षं वापरात ठेवण्याची सोय नाही, हे माझ्या मते त्या अपयशाचं मूळ.

अलीकडे तर प्राणीच यंत्राचा भाग होऊ लागला आहे. टोकियो विद्यापीठातल्या गटाने 2013 मध्ये रेशीमपतंगाच्या नराला एका छोट्या गाडीवर, चेंडूवर चालतं ठेवलं. मादीच्या गंधामागे तो चालला की चेंडू फिरायचा आणि त्याबरहुकूम गाडी वळायची. 2022 मध्ये रिकेन या जपानी संशोधन संस्थेत केन्जिरो फुकुदा यांच्या गटाने मादागास्करच्या सुमारे 6 सेंटिमीटर लांब झुरळाच्या पोटावर 0.004 मिलिमीटर जाडीचा सौर घट बसवला. पोटाचे खंड मोकळे हलावेत म्हणून तो सलग न चिकटवता मध्ये जागा सोडून लावला. पाठीवरच्या पेटीतून दिलेल्या विद्युत संदेशांनी झुरळ वळतं. जिथे माणूस पोचत नाही तिथे शोध घेणं हा उद्देश, आणि बॅटरी संपली की झुरळावरचा ताबा सुटतो, म्हणून ती चार्ज करायला हा सौर घट.