मल्टिस्किल हा विषय आहे, हरित सेना हे मंडळ आहे

विदर्भात शाळा जूनच्या शेवटाला उघडतात. पहिल्याच पालकसभेत, पेरणीच्या घाईतून वेळ काढून आलेले बाप मला विचारतात, "सर, पोराला हरित सेनेत टाकू का तुमच्या वेल्डिंगात? सारखंच हाय ना दोन्ही?" ते बिचारे नव्याने विचारतात. पण शाळेतले लोकही दोन्हींना सरसकट "उपक्रम" म्हणतात, आणि या एका शब्दानं फार नुकसान केलंय. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात मी मल्टिस्किल, म्हणजे वेल्डिंग, शेती वगैरे हातानं करून शिकायचा नववी-दहावीचा विषय, शिकवतो, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो.

हरित सेना, म्हणजे शाळेतलं पर्यावरणाचं मंडळ, सगळ्यांना ठाऊक आहे. राष्ट्रीय हरित सेना २००१ साली सुरू झाली. तुमच्यातल्या अनेकांनी तिच्या नावानं खड्डे खणले असतील. स्काउट, विज्ञान मंडळ, आरएसपी (रस्ता सुरक्षा दल) हे तिचे भाऊबंद. मल्टिस्किलचं मूळ पुणे जिल्ह्यातल्या पाबळचं. तिथे डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला आणि हायस्कूलच्या पोरांसाठी चार भागांचं शिक्षण बांधलं: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य. आज नववी-दहावीला जो विषय आहे, तो त्याच घडणीचा.

किरकोळ फरक एका दमात सांगतो. मंडळ शनिवारी किंवा शाळा सुटल्यावर भरतं, विषय वेळापत्रकात असतो. मंडळ मधेच सोडता येतं. विषय नववीला घेतला की दहावीपर्यंत निभवावा लागतो. विषयाला लेखी आणि प्रात्यक्षिक असतं, गुण गुणपत्रिकेवर येतात. मंडळाचं फार तर प्रमाणपत्र मिळतं. (चित्रकलेचे दहावीला मिळणारे वाढीव गुण एलिमेंट्री-इंटरमिजिएट परीक्षांचे असतात, कला मंडळाचे नव्हे. हेही दरसाल सांगावं लागतं.)

एवढं कळूनही लोक जिथे अडखळतात ती गोष्ट वेगळीच आहे. मंडळात काम वाटून घेता येतं. विषयात येत नाही.

आमची हरित सेना उन्हाळ्याच्या तोंडावर पक्षी मोजायला तळ्यावर जाते. एका पोराची नजर तेज, तो लांबूनच नीलपंख की कोतवाल ते सांगतो. एका मुलीचं अक्षर चांगलं, ती वही धरते. दोघं पाण्याची कॅन वाहतात, आणि एक जण नुसता बडबड करत सोबत येतो. मोजणी छान होते. कॅन वाहणाऱ्याला नीलपंख ओळखता आला नाही तरी बिघडत नाही. तो त्या सकाळचा तितकाच धनी आहे. मंडळ असंच असावं. ज्याला जे आवडतं, जमतं, ते त्यानं करावं.

आता वर्कशॉपात या. माठ ठेवायची लोखंडी तिवई करायची आहे. अँगल कापला, काटकोनात धरला, आता वेल्डिंगचा टाका मारायचा. पोरगं अडीच एमएमचा रॉड होल्डरमध्ये अडकवतं, काळी काच डोळ्यांपुढे धरतं आणि रॉड टेकवतं. रॉड चिकटतो. पहिल्या दिवशी प्रत्येकाचा चिकटतो. ओढून काढायचा, पुन्हा टेकवायचा, काडेपेटीची काडी ओढावी तसा घासून किंचित उचलायचा. फार उचलला की ठिणगी विझते, कमी उचलला की पुन्हा चिकटतो. हे "किंचित" फळ्यावर शिकवता येत नाही, शेजारच्याकडे बघूनही येत नाही. वीसेक रॉड जाळल्यावर ते मनगटात उतरतं. मग जोडावर जमलेली काळी खपली, म्हणजे स्लॅग, हातोडीनं ठोकून काढायचा. खाली सलग जोड दिसला तर ठीक, भोकं दिसली तर पुन्हा. पाच जणांच्या गटातल्या एकाला वेल्डिंग आलं, तर बाकी चौघांना आलेलं नाही. त्यांचं जर्नल कितीही देखणं असो.

आधीच्या एका शाळेत मी हेच उलटं होताना पाहिलं. तपासणीच्या दिवशी तीन हुशार पोरं मशीनवर उभी, बाकीची पंचवीस मागे घड्या घातलेल्या हातांनी. साहेब खूश झाले, फोटो निघाले. त्या पंचवीस पोरांनी एका भाषेऐवजी हा विषय घेतला होता. भाषाही गेली, आणि हातात काही आलं नाही. विषय मंडळासारखा चालवला की असं होतं, आणि याचा मला मनापासून राग आहे.

उलटा घोळही होतो. हरित सेनेत सक्तीनं नावं घालायची, हजेरी घ्यायची, वर "वृक्षांचे महत्त्व" यावर निबंध लिहून घ्यायचा. मंडळाचा जीव पोरांच्या मर्जीत असतो. ती काढून घेतली की तळ्यावर कुणी येत नाही.

आपल्या भागाला तर हा फरक नवा वाटायला नको. १९३७ साली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, डॉ. झाकीर हुसेन समितीनं आराखडा केला, आणि त्यात सूतकताई मूलोद्योग, म्हणजे शिक्षणाच्या मध्यावरचं हातकाम, म्हणून आली. ती विरंगुळ्याची नव्हती. टकळी प्रत्येक लेकराच्या हातात द्यायची होती.

गेल्या साली माझी एक विद्यार्थिनी दिवाळीनंतर महिनाभर कापूस वेचायला गेली. घरच्यांना वाटलं, क्लब आहे, नंतर जाईल. तळ्यावरची मोजणी असती तर तिच्या जागी दुसरीनं वही धरली असती. तिचे टाके मात्र तिलाच मारावे लागले. डिसेंबरात ती शाळेआधी यायची, कारण दुपारी ओलिताच्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडतं आणि ठिणगी धरत नाही.

तेव्हा नाव घालण्याआधी शाळेत जाऊन मागच्या बॅचचे जोडलेले तुकडे दाखवा म्हणा. आमच्याकडे प्रत्येक तुकड्यावर खडूनं हजेरी क्रमांक लिहिलेला असतो. एक ते अठ्ठावीस, सगळे. मधले क्रमांक गायब असतील, तर तिथे विषय नाही, मंडळ चालू आहे.