करूळ घाटात पद्मिनी आणि मारुती ८००

कोल्हापूरहून गगनबावडामार्गे करूळ घाट उतरायचा आणि पुन्हा चढून यायचं, यात जुन्या गाडीचा कस लागतो. प्रीमियर पद्मिनी मुळात साठच्या दशकातली फियाट ११०० डी. मारुती ८०० आली डिसेंबर १९८३ मध्ये. पहिलीचं इंजिन १०८९ सीसी, चार सिलिंडरचं. दुसरीचं ७९६ सीसी, तीन सिलिंडरचं. ताकद दोन्हींची ४० अश्वशक्तीच्या आसपास. घाटात फरक पडतो तो वजनामुळे आणि उष्णतेमुळे.

पद्मिनी साधारण ९०० किलोची, मारुती ६५० ची. माणसं आणि सामान मिळून ३०० किलो धरले, तर ५०० मीटर चढायला पद्मिनीला सुमारे ५.९ मेगाज्यूल, मारुतीला ४.७ मेगाज्यूल लागतात. पेट्रोलमधली जेमतेम पाव ऊर्जा चाकांपर्यंत पोचते; बाकीची बहुतेक सायलेन्सर आणि रेडिएटरवाटे उष्णता होऊन जाते.

पद्मिनीचा फॅन इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो. तिसऱ्या गिअरमध्ये रेटत चढवलं की फॅन आणि वॉटर पंप दोन्ही मंदावतात आणि तापमानाचा काटा चढतो. गिअर वेळीच उतरवा. पट्टा अंगठ्याने दाबल्यावर १०-१२ मिमी दबावा. जास्त ढिला असेल तर घसरतो.

तिचा पेट्रोल पंपही तापलेल्या इंजिनलाच चिकटलेला. पेट्रोलमधले हलके घटक ४० अंशांच्या आतबाहेरच उकळू लागतात, पंपात वाफ साचते आणि गाडी बंद पडते. पंपावर ओलं फडकं गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं थांबलं की वाफेचं पुन्हा पेट्रोल होतं. जुन्या, कार्ब्युरेटरवाल्या मारुतीलाही हा त्रास होऊ शकतो; नंतरच्या एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या) मॉडेलमध्ये पंप टाकीत आणि पेट्रोल दाबाखाली, त्यामुळे ते सहजी उकळत नाही. माझ्या मते या दोन काळांतला सर्वात मोठा फरक हाच.

मारुतीचा फॅन विजेवर चालतो. हायवेवर गाडी थंड, पण कोल्हापुरातल्या महाद्वार रोडच्या गर्दीत तापते, असं असेल तर आधी फॅन तपासा. मोटरला बॅटरीवरून थेट करंट द्या. फिरली तर दोष फ्यूज, थर्मो स्विच (इंजिन तापलं की फॅन चालू करणारा) किंवा वायरिंगमध्ये. गाडी तापलेलीच दामटली तर ॲल्युमिनियमचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, वाकतं. सरळपट्टीखाली ०.०५ मिमीपेक्षा जास्त फट दिसली, तर उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये हेड फेसिंग, म्हणजे हेड घासून सपाट, करून घ्या. नुसतं हेडखालचं गॅस्केट (सील) बदलून भागत नाही.

उतारावर पद्मिनीला जास्त जपावं लागतं. चारही चाकांना ड्रम ब्रेक. ड्रम तापला की फुगून लायनरपासून (आतून ड्रमवर घासून गाडी थांबवणाऱ्या अस्तरापासून) दूर जातो, पॅडल खोल जातं, लायनरची पकडही सुटते. मारुतीच्या पुढच्या डिस्कला वारा थेट लागतो आणि ती फुगते ती पॅडकडेच. तरी दोन्ही गाड्या दुसऱ्या गिअरमध्येच उतरवा. न्यूट्रल कधीही नाही. खाली थांबल्यावर लगेच हँडब्रेक ओढू नका: ड्रम थंड होताना आकसतो आणि लायनरवर आवळून बसतो. पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा.