काच, वंगण आणि दमट हवा: पक्ष्यांसाठी जुनी टेलिफोटो लेन्स घेताना

कॅनन आणि निकॉन या दोन्ही कंपन्यांनी २०१८ साली पूर्ण फ्रेमच्या (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यांसाठी नवे माउंट (लेन्स बसवायची खोबण) बाजारात आणले आणि तेव्हापासून डीएसएलआरच्या, म्हणजे आरशाच्या कॅमेऱ्यांच्या, जमान्यातल्या उत्तमोत्तम टेलिफोटो (दूरचे जवळ दाखवणाऱ्या) लेन्स हळूहळू कपाटांतून बाहेर पडू लागल्या. मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजारात किंवा पक्षीनिरीक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर आज अशी लेन्स मिळणे अवघड राहिलेले नाही. अवघड आहे ते तिची पारख करणे. विकणारा सांगतो की लेन्स दहा वर्षांची आहे, पण खरे तर एकाच लेन्सला अनेक वये असतात. काच शंभर वर्षे टिकू शकते, वंगण दहा-पंधरा वर्षांत दगा देते, ऑटोफोकसची मोटर किती चालली यावर झिजते, तर कोकणातल्या एखाद्या घरात बंद बॅगेत काढलेला एकच पावसाळा काचेला वीस वर्षांचे वार्धक्य आणू शकतो. जुनी लेन्स निवडताना ही वेगवेगळी वये निरनिराळी तपासावी लागतात.

त्याआधी आपल्याला नेमके काय हवे आहे, याचा हिशेब करून घेतलेला बरा. सेन्सरवर पडणाऱ्या प्रतिमेचा आकार काढणे सोपे असते: पक्ष्याच्या लांबीला फोकल लेंथने (लेन्सवर मिलिमीटरमध्ये लिहिलेल्या आकड्याने) गुणावे आणि अंतराने भागावे. सुमारे १६ सेंटिमीटरचा छोटा खंड्या १० मीटरवर बसला असेल, तर ४०० मिमीची लेन्स त्याची ६.४ मिमीची प्रतिमा उमटवते. २४ मेगापिक्सेलच्या, एपीएस-सी (पूर्ण फ्रेमहून लहान) आकाराच्या सेन्सरची उंची साधारण साडेपंधरा मिमी असते. तिच्यात हा खंड्या ऐसपैस बसतो आणि त्याच्या वाट्याला सुमारे १,६०० पिक्सेल येतात. तोच खंड्या ३० मीटरवर गेला की प्रतिमा २.१ मिमीची होते आणि पिक्सेल साडेपाचशेच्या आसपास उरतात. आता ४०० ऐवजी ६०० मिमीची लेन्स लावली, तर हा आकडा दीडपट होतो. पण ३० मीटरवरून २० मीटरवर सरकले तरी तो नेमका तेवढाच वाढतो. भिगवणला नावेत बसणाऱ्या माणसाने लेन्सवर जास्तीचे पैसे घालण्याआधी नावाड्याशी दोन शब्द बोलावेत, असे मला वाटते ते याच गणितामुळे.

फोकल लेंथच्या आकड्यामागे दडलेला, पण अधिक महत्त्वाचा आकडा म्हणजे लेन्समध्ये प्रकाश ज्यातून शिरतो त्या प्रवेशछिद्राचा व्यास. फोकल लेंथला एफ-क्रमांकाने (तो जितका लहान, तितके छिद्र मोठे) भागले की तो मिळतो. ४०० मिमी एफ ५.६ या लेन्सचा व्यास सुमारे ७१ मिमी, ३०० मिमी एफ ४ चा ७५ मिमी, १५०-६०० मिमीच्या झूम लेन्सचा ६०० या टोकाला एफ ६.३ धरून ९५ मिमी आणि व्यावसायिक छायाचित्रकारांच्या ६०० मिमी एफ ४ चा तब्बल १५० मिमी. पक्ष्याच्या अंगावरून निघालेला प्रकाश किती गोळा होणार, हे या व्यासाच्या वर्गावर ठरते. म्हणून ६०० मिमी एफ ४ ही लेन्स ६०० मिमी एफ ६.३ च्या अडीचपट प्रकाश गोळा करते, आणि म्हणूनच तिच्या जुन्या आवृत्त्यांचे वजन पाच किलोंच्या वर जाते. टेलिकन्व्हर्टर, म्हणजे लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसवून फोकल लेंथ वाढवणारे जोडभिंग, हा व्यास वाढवू शकत नाही. ३०० मिमी एफ ४ ला १.४ पटीचा टेलिकन्व्हर्टर लावला की ती ४२० मिमी एफ ५.६ होते, पण गोळा होणारा प्रकाश तोच राहून फक्त जास्त जागेवर पसरतो. शिवाय बऱ्याच जुन्या डीएसएलआरचा ऑटोफोकस एफ ५.६ पर्यंतच भरवशाने चालतो, त्यामुळे आधीच एफ ५.६ असलेल्या लेन्सला टेलिकन्व्हर्टर जोडला की ती एफ ८ होऊन कॅमेरा चाचपडत बसतो.

मर्यादित पैशांत विचार करायचा झाला तर कॅननची ४०० मिमी एफ ५.६ ही १९९३ साली आलेली लेन्स मला अजूनही आदर्श वाटते. वजन सव्वा किलो, सहा गटांत (एकमेकींना चिकटवलेल्या काचांचा किंवा एकट्या काचेचा एक गट) मिळून फक्त सात काचा, झूम नाही आणि हात हलला तर सावरणारा स्टॅबिलायझरही नाही. नवी लेन्स घेताना ज्या गोष्टी उणिवा म्हणून मोजल्या जातील, त्याच जुनी घेताना गुण ठरतात, कारण जो भाग नाही तो बिघडतही नाही. पाण्यावरून झेपावणाऱ्या नदी सुरयाला टिपताना शटरचा वेग सेकंदाच्या १/१६०० भागाइतका ठेवावाच लागतो. तिथे स्टॅबिलायझर असला-नसला तरी फारसा फरक पडत नाही. कर्नाळ्याच्या दाट झाडीत स्वर्गीय नर्तक स्वस्थ बसलेला असताना मात्र शटर १/१२५ वर आणावे लागते, आणि तेव्हा ही लेन्स हातात धरून वापरणाऱ्याला ट्रायपॉडची आठवण येते. तिची दुसरी अडचण म्हणजे साडेतीन मीटरच्या आत ती फोकस करू शकत नाही, त्यामुळे अंगणातल्या जास्वंदीवर आलेल्या सूर्यपक्ष्यासाठी आपल्यालाच मागे सरकावे लागते. निकॉनच्या कॅमेऱ्यावर असेच काम ३०० मिमी एफ ४ आणि १.४ चा टेलिकन्व्हर्टर ही जोडी करते. अंतर सतत बदलणाऱ्या ठिकाणी सिग्मा किंवा टॅमरॉनची १५०-६०० मिमी अधिक सोयीची, मात्र ती जवळपास दोन किलोंची असते आणि आतली यंत्रणाही कितीतरी गुंतागुंतीची असते.

आता काचेकडे येऊ. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे चार टक्के प्रकाश परत फिरतो. वर सांगितलेल्या सिग्माच्या १५०-६०० मिमीच्या हलक्या आवृत्तीत १४ गटांत मिळून २० काचा आहेत, म्हणजे हवेला लागून असलेले २८ पृष्ठभाग. काचांवर लेप नसता, तर त्यांतून जेमतेम एक तृतीयांश प्रकाश पार गेला असता आणि उरलेल्यातला बराचसा आतल्या आत उसळून चित्रावर धुरकट पांढरेपणा पसरवत राहिला असता. झाइस कंपनीतले अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ साली शोधलेला परावर्तनरोधक लेप हे टाळतो. हा लेप प्रकाशाच्या तरंगलांबीहूनही पातळ असतो, आणि जुन्या लेन्सचे खरे धन तोच आहे. ज्याला बाजारात सगळे फंगस म्हणतात ती बुरशी सर्वप्रथम याच धनावर घाला घालते.

बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात, त्यामुळे ते लेन्समध्ये शिरू न देणे कोणालाच शक्य नाही. त्यांना वाढायला लागते ती साठ-सत्तर टक्क्यांहून अधिक आर्द्रता, अंधार, स्थिर हवा आणि धूळ किंवा वंगणाच्या वाफेच्या रूपाने मिळणारे थोडेसे खाद्य. जुलै महिन्यात मुंबई, रत्नागिरी किंवा पणजीत कपाटात ठेवलेल्या बॅगेत हे सारे आयते जमून येते. आणि बॅग चामड्याची असेल तर मेजवानीच. वाढताना बुरशी सेंद्रिय आम्ले सोडते आणि ती लेपाला, पुढे काचेलाही, खात जातात. म्हणून ‘फंगस साफ करून घेतले आहे’ हे वाक्य अर्धेच आश्वासन असते: धागे पुसले जातात, पण त्यांनी कोरलेली नक्षी तशीच राहते. मी स्वतः एकदा या वाक्याला भुललो होतो. ती लेन्स सावलीतले फोटो सुरेख द्यायची, पण सूर्य समोरच्या बाजूला आला की पाण्यावरचा प्रत्येक पक्षी दुधात बुडवून काढल्यासारखा दिसायचा.

हे पाहण्याची रीत सोपी आहे. अंधाऱ्या खोलीत लेन्सची दोन्ही झाकणे काढावीत, मागच्या बाजूने टॉर्च तिरकी धरावी आणि पुढून आत पाहावे. नंतर हेच उलट बाजूने करावे. या उजेडात धुळीचे ठिपके हटकून दिसतात आणि नवशिका माणूस घाबरतो, पण त्यांची काळजी करण्याचे कारण नसते. पुढच्या काचेवरचा कण सेन्सरपासून इतका दूर आणि फोकसच्या इतका बाहेर असतो की चित्रात त्याचा मागमूस उमटत नाही. तिथला एखादा बारीक ओरखडाही क्षम्यच. मागच्या काचेवरचा तसाच ओरखडा मात्र किंमत पाडून मागण्याजोगा असतो, कारण तिथे प्रकाशाची शलाका अरुंद झालेली असते आणि तेवढाच दोष तिचा मोठा हिस्सा अडवतो. कोळिष्टकासारखे फाटे फुटलेले धागे म्हणजे बुरशी. सगळ्या काचेवर श्वास टाकल्यासारखा सारखा पसरलेला धूसरपणा बहुधा वंगणाच्या वाफेचा असतो. काचेच्या कडेला इंद्रधनुषी पट्टा दिसला, तर दोन काचा जोडणारा चिकट थर सुटू लागला असे समजावे आणि लेन्स नम्रपणे परत करावी.

बाहेरून पाहताना स्क्रूंच्या खाचा बारकाईने पाहाव्यात. त्या झिजलेल्या असतील तर लेन्स कोणीतरी उघडलेली आहे. ट्रायपॉडची कॉलर (लेन्स ट्रायपॉडला जोडणारी कडी) आणि हूड (पुढून येणारे ऊन अडवणारे नळकांडे) सोबत आहेत का, हे विचारायला लोक विसरतात आणि मग ते वेगळे विकत घेताना हळहळतात. अनुक्रमांक आणि मूळ बिल यांचा मेळ बसतो का, हेही पाहावे, कारण चोरीचा माल याच वाटेने फिरतो.

यंत्रणेची परीक्षा कानांनी करावी. ऑटोफोकस सर्वांत जवळच्या अंतरापासून अनंतापर्यंत आणि परत असा वीस-पंचवीस वेळा फिरवावा; मोटर कुरकुरत असेल, मध्येच अडखळत असेल किंवा लेन्स वर धरल्यावर फिरते आणि खाली धरल्यावर फिरत नाही असे होत असेल, तर तिचे दिवस भरत आले आहेत. स्टॅबिलायझर सुरू केल्यावर हलकी घरघर येणे स्वाभाविक आहे, पण व्ह्यूफाइंडरमधले चित्र उडी मारत असेल तर ते नाही. या दुरुस्त्यांचा खरा प्रश्न सुट्या भागांचा असतो. उत्पादन बंद झालेल्या लेन्सचे भाग कंपन्या काही वर्षेच पुरवतात, तेव्हा पैसे देण्याआधी सर्व्हिस सेंटरला फोन करून त्या मॉडेलची मोटर मिळते का, हे विचारणे शहाणपणाचे.

लेन्स आपल्या कॅमेऱ्याशी बोलेल का, हा प्रश्नही इथेच सोडवावा. कॅननच्या ईएफ माउंटमध्ये १९८७ पासूनच सारा व्यवहार विजेच्या संकेतांनी होत आल्यामुळे त्या लेन्स अ‍ॅडॅप्टर (दोन वेगळे माउंट जोडणारी कडी) लावून नव्या मिररलेसवरही विनातक्रार चालतात. निकॉनच्या जुन्या एएफ आणि एएफ-डी लेन्समध्ये मोटर नसते. त्यांचा फोकस कॅमेऱ्यातला स्क्रू फिरवतो, आणि हा स्क्रू डी३००० व डी५००० मालिकांच्या कॅमेऱ्यांत नाही, तसाच जुन्या लेन्स नव्या मिररलेसला जोडणाऱ्या निकॉनच्या एफटीझेड अ‍ॅडॅप्टरमध्येही नाही. सिग्मा आणि टॅमरॉन यांच्या जुन्या लेन्सना नव्या कॅमेऱ्यासाठी फर्मवेअर (लेन्समधली आज्ञावली) बदलून घ्यावे लागू शकते. सिग्माच्या १५०-६०० मिमीला आणि टॅमरॉनच्या दुसऱ्या आवृत्तीला ते संगणकाला जोडायच्या यूएसबी डॉकवरून घरी करता येते, टॅमरॉनच्या पहिल्या आवृत्तीला मात्र सर्व्हिस सेंटर गाठावे लागते.

शेवटची चाचणी कॅमेरा लावून, तीही सकाळी करावी. लेन्स ट्रायपॉडवर ठेवावी, स्टॅबिलायझर बंद करावा, दोन सेकंदांचा टायमर लावावा आणि सात-आठ मीटरवरच्या भिंतीवर ताणून चिकटवलेल्या वर्तमानपत्राचे फोटो आधी सर्वांत मोठ्या छिद्रावर, मग एफ ८ वर घ्यावेत. चारही कोपरे सारखेच थोडे मऊ असतील तर हरकत नाही. एकच कोपरा किंवा एकच बाजू ढासळलेली असेल, तर लेन्स कधीतरी पडली आहे आणि आतली एखादी काच आपल्या अक्षावरून सरकली आहे. डीएसएलआरवर सगळेच फोटो सारख्या प्रमाणात पुढे किंवा मागे फोकस होत असतील, तर तो दोष कॅमेऱ्यातल्या सूक्ष्म जुळवणीने निघू शकतो, आणि मिररलेसमध्ये सेन्सरच फोकस मोजत असल्यामुळे तो सहसा उद्भवतच नाही. सकाळची अट घालण्याचे कारण हवा आहे. तिचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो ते ठरवणारा आकडा) तापमानाच्या दर अंशाला साधारण दशलक्षांश भागाने बदलतो. आकडा नगण्य वाटतो, पण सुप्याच्या माळरानावर दुपारी बारा वाजता शंभर मीटरवरच्या पक्ष्याची पिसे विरघळवून टाकायला तो पुरतो. अशा फोटोंवरून चांगल्या लेन्सला नावे ठेवणारे मी पाहिले आहेत.

लेन्स घरी आल्यावर तिला कापडी किंवा चामडी बॅगेत ठेवू नये. स्वयंपाकघरातला घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलची एक पुरचुंडी आणि छोटा आर्द्रतामापक एवढे पुरे होते. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहिला पाहिजे. रंग बदलणारे मणी घेतले असतील तर ते निळ्याचे गुलाबी किंवा नारिंगीचे हिरवे झाले की मंद आचेवर तापवून पुन्हा कोरडे करावेत. मृगाच्या सरींपासून नवरात्रापर्यंत हे काम दर पंधरवड्याला करावे लागते, आणि पावसाचे चार महिने पक्षी पाहायला बाहेर जाणे होवो वा न होवो, डबा उघडून लेन्स थोडा वेळ उजेडात धरावी, फोकसची कडी दोन-चारदा फिरवावी आणि टॉर्चने आत एक नजर टाकावी.