'मिडलमार्च'मधले डॉक्टर आणि 'मिस्टर': फिजिशियन कोण, सर्जन कोण?

'मिडलमार्च' या इंग्रजी कादंबरीत स्प्रेग आणि मिन्चिन 'डॉक्टर' आहेत, रेंच आणि टॉलर मात्र 'मिस्टर'. कथेतला महत्त्वाकांक्षी तरुण सर्जन लिडगेटही 'मिस्टर'च. आपल्याकडे रोग्याला तपासणारा प्रत्येक जण डॉक्टर, त्यामुळे हा फरक नजरेतून सुटतो आणि सगळं गाव लिडगेटवर का उखडलंय तेच कळत नाही.

जॉर्ज एलियटची ही कादंबरी १८७१-७२ मध्ये आठ भागांत प्रसिद्ध झाली, पण कथेचा काळ १८२९ ते १८३२. डॉक्टरांची एकच सरकारी नोंदवही १८५८च्या कायद्याने आली. त्याआधी या दोन जाती वेगळ्या होत्या.

फिजिशियन विद्यापीठाची पदवी घेतलेला. तो रोगी पाहतो, औषध लिहून देतो, फी घेतो. कापाकापी करणं किंवा औषध घोटणं त्याच्या प्रतिष्ठेत बसत नाही. 'मिस्टर' म्हणवणारा सर्जन हाडं बसवतो, जखमा शिवतो आणि लहान गावात बहुधा औषधंही स्वतःच बनवून देतो, म्हणजे अपॉथेकरीचंही काम करतो. औषध देणाऱ्या अपॉथेकरीला १८१५च्या कायद्याने पाच वर्षांची शिकाऊ उमेदवारी आणि परवाना सक्तीचा केला.

खरी मेख पैशात आहे. १७०४च्या एका निकालाने अपॉथेकरीला सल्ला द्यायची मुभा मिळाली, पण रूढीने तो पैसे घ्यायचा फक्त औषधांचे. मग बिल वाढवायचं तर बाटल्या आणि गोळ्या वाढवायच्या. लिडगेट ठरवतो की आपण फक्त लिहून द्यायचं, औषध विकायचं नाही. पॅरिसमध्ये शिकून आलेल्या माणसाला हे सरळ वाटतं. पण फिजिशियनांना वाटतं, हा आमच्या पायरीवर चढू पाहतोय. सर्जनांना वाटतं, हा आम्हाला लुटारू ठरवतोय. किराणा दुकानदार मॉम्सीला तो हे समजावून सांगायला जातो ती मोठीच चूक, कारण मॉम्सीला लांबलचक, तपशीलवार बिल मिळण्यातच समाधान होतं.

नॅन्सी नॅश या मोलकरणीचा किस्सा (४५वं प्रकरण) हा फरक लक्षात ठेवून वाचा. डॉ. मिन्चिन तिला गाठ असल्याचं लिहून इस्पितळात पाठवतात. गावात ती गाठ बदकाच्या अंड्याएवढी होते आणि संध्याकाळपर्यंत मुठीएवढी. लिडगेट तपासतो आणि हलक्या आवाजात म्हणतो, गाठ नाही, पेटका आहे. फोड आणणारा लेप आणि लोहाचं मिश्रण देऊन तिला घरी विश्रांतीला पाठवतो. ती बरी होते आणि गावभर होतं की लिडगेटने गाठ जिरवली. त्याला ते खोडताही येत नाही, कारण 'गाठ नव्हतीच' असं 'मिस्टर'ने म्हणणं म्हणजे 'डॉक्टर'चं निदान चारचौघांत चुकीचं ठरवणं.